लग्न लावणे, लग्न करणे आणि लग्न नोंदणे : समलिंगी विवाहाच्या वादाचे एक भाषिक परीक्षण

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी 'सुप्रियो विरुद्ध भारत सरकार' या प्रकरणी निर्णय दिला. विवाहाचा हक्क हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क नव्हे, याविषयी पाचही न्यायाधीशांचे एकमत झाले. समलिंगी जोडप्यांच्या सहजीवनास राज्याने काही कायदेशीर रूप देणे बंधनकारक आहे काय, या प्रश्नावर मात्र तीन विरुद्ध दोन असा मतभेद राहिला. फेरविचाराचे अर्ज जानेवारी २०२५ मध्ये फेटाळले गेले. या निर्णयाची कायद्याच्या अंगाने पुष्कळ चिकित्सा झाली आहे. ती पुन्हा करण्याचा आमचा अधिकारही नाही. प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून लहान आहे. या वादात दोन्ही पक्ष ज्या शब्दांनी लढले, ते शब्द आम्हांस तपासावयाचे आहेत. आमचे म्हणणे असे की, विवाह या एका नामाखाली निरनिराळ्या क्रिया वावरत असतात, धर्मस्वातंत्र्याचा संबंध त्यांपैकी एकीशीच निकटचा आहे, आणि हा भेद मराठीच्या क्रियापदांनी पूर्वीच करून ठेवलेला आहे. इंग्रजीत चाललेल्या युक्तिवादांत तो पुसला गेला. आणि दुर्दैव असे की मराठी वृत्तपत्रीय चर्चेने तो पुसलेल्या अवस्थेतच उचलला.

प्रथम क्रियापदांकडे वळू. पिंपळगाव बसवंत येथील एखाद्या लॉन्सवर वैशाखातील गोरज मुहूर्तावर उभे राहावे. अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात, वाजंत्री सुरू होते, आणि मागच्या रांगेतील मनुष्य पंगतीकडे वळता वळता म्हणतो, 'लग्न लागलं.' या वाक्यात कर्ता मनुष्य नाही. लग्न आपोआप लागते. मुहूर्ताची घटिका भरली की ते घडते. याच धातूचे सकर्मक रूप 'लावणे'. लग्न भटजी लावतात, काझी लावतात, पाद्री लावतात. सत्यशोधक पद्धतीत समाजाचा कार्यकर्ता लावतो. वधूचा पिता लग्न 'करून देतो'. मुलगा आणि मुलगी लग्न 'करतात'. मात्र 'त्या दोघांनी लग्न केलं' हे वाक्य आमच्या निफाड तालुक्यात अद्यापि किंचित आवाज उतरवून बोलले जाते, कारण त्यात वडीलधाऱ्यांना वगळल्याचा ध्वनी असतो. आणि शेवटी कचेरीत जाऊन लग्न 'नोंदवले' जाते. लागणे, लावणे, करून देणे, करणे, नोंदवणे : पाच क्रिया, पाच निराळे कर्ते, नाम मात्र एक.

येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. 'लग्न' हा शब्द 'लग्' म्हणजे चिकटणे, जडणे या धातूपासून आला, ज्योतिषात तो क्षितिजावर उगवणाऱ्या राशीचा वाचक झाला, तेथून शुभ घटिकेचा आणि घटिकेवरून संस्काराचा. 'विवाह' शब्दात 'वह्' धातू आहे. कन्येला वाहून नेण्याची कल्पना त्यात आहे. त्यावरून कोणी म्हणेल की 'विवाह' शब्दात वर आणि वधू अंगभूत आहेत, 'लग्न' शब्दात मात्र केवळ जोडले जाणे आहे, सबब मराठी लग्नाला स्त्रीपुरुषभेदाची अट नाही. युक्तिवाद चमकदार आहे आणि सर्वस्वी निरुपयोगी आहे. शब्दाची व्युत्पत्ती म्हणजे त्याचा आजचा अर्थ नव्हे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी भारतीय विवाहसंस्थेच्या इतिहासाविषयीच्या आपल्या निबंधांत शब्दांवरून संस्थांचा भूतकाळ शोधण्याचा जो अचाट उद्योग केला, त्याचे धैर्य वंदनीय आहे. पण त्या पद्धतीने भूतकाळ फार तर सूचित होतो, वर्तमानाचा निवाडा होत नाही. २०२३ च्या सुनावणीतही 'संस्कार' शब्दाचा असाच उपयोग झाला. हिंदूंमध्ये विवाह हा संस्कार आहे, असे केंद्र सरकारने प्रतिज्ञापत्रात म्हटले. ते खरेच आहे. परंतु संस्कार हा शब्द 'लावणे' या क्रियेचे वर्णन करतो. 'नोंदवणे' या क्रियेबाबत तो काही सांगत नाही.

लावणे आणि करणे यांच्यातील हा भेद केवळ वैयाकरणाची हौस नाही. महाराष्ट्रात त्यावर प्रत्यक्ष खटले झालेले आहेत. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ब्राह्मण पुरोहितावाचून पहिले सत्यशोधक लग्न लागले. जोतीराव फुले यांनी या लग्नांसाठी जो विधी सिद्ध केला, त्यात दोन गोष्टी भाषेच्या अभ्यासकाने विशेष ध्यानात घ्याव्यात. एक, तो मराठीत होता; लग्न करणाऱ्यांना समजेल अशा भाषेत. दुसरी, मंगलाष्टकांत वधू आणि वर स्वतः बोलतात. म्हणजे जी क्रिया आजवर कोणी तिसरा संस्कृतात 'लावीत' होता, ती दोघेजण मराठीत 'करू' लागले. जुन्नर तालुक्यातील ओतूर येथे बाळाजी कुसाजी पाटील यांनी या रीतीने कुटुंबातील लग्नकार्य उरकले, तेव्हा ग्रामजोशांनी आपल्या वतनी हक्काची दक्षिणा बुडाली म्हणून दावा लावला. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि अखेर सत्यशोधकांच्या बाजूने निकाल झाला. पुढे १९२६ साली मुंबई कायदेमंडळाने न बोलावलेल्या पुरोहिताच्या अशा हक्कावर कायद्यानेच पडदा पाडला.

या दाव्यात धर्मस्वातंत्र्य नेमके कोणत्या बाजूला होते? जोशांचा पक्ष असा की, परंपरेने लग्न लावणे हा आमचा अधिकार. आम्हांला न बोलावता कोणी लग्न केले, तर तो आमच्या अधिकाराचा भंग. पाटलांचा पक्ष असा की, आमचे लग्न आम्ही करतो. तुम्ही लावू नका, तुम्हांला कोणी सक्ती केलेली नाही. जोशांची तक्रार स्वतःच्या कृतीविषयी नव्हती, दुसऱ्याच्या कृतीविषयी होती. व्याकरणाच्या परिभाषेत सांगायचे तर पाटलांचे स्वातंत्र्य प्रथमपुरुषी होते आणि जोशांचा हक्क तृतीयपुरुषी. 'मी हे करणार नाही' हे वाक्य आणि 'त्याने हे करू नये' हे वाक्य, या दोहोंत धर्म हा शब्द सारखाच येऊ शकतो. परंतु पहिले वाक्य स्वातंत्र्याचे आहे, दुसरे सत्तेचे. घटनेच्या २५ व्या अनुच्छेदात सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आणि धर्माचे आचरण व प्रसार यांचा जो हक्क सांगितला आहे, तो पहिल्या वाक्याच्या रक्षणासाठी आहे, असे आम्ही समजतो.

याउलट प्रथमपुरुषी धर्मस्वातंत्र्यही विवाहाच्या बाबतीत अनिर्बंध नाही, हेही मुंबईतच ठरले. १९४६ च्या मुंबई इलाख्याच्या द्विभार्याप्रतिबंधक कायद्याला नरसू आप्पा माळी प्रकरणात आव्हान दिले गेले. पुत्राशिवाय गती नाही, म्हणून दुसरी पत्नी करणे हे हिंदूचे धर्मकर्तव्य ठरू शकते, असा युक्तिवाद होता. १९५१ साली मुख्य न्यायमूर्ती छागला व न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी तो अमान्य केला. श्रद्धा निराळी आणि आचार निराळा, आचाराचे नियमन राज्य करू शकते, आणि पुत्रासाठी दत्तकाचा मार्ग धर्मशास्त्रातच उपलब्ध आहे, असे त्या निकालाचे सूत्र आहे. व्यक्तिगत कायद्यांना मूलभूत हक्कांची कसोटी लागू नाही, हे त्याच निकालातील दुसरे सूत्र अधिक गाजले आणि अधिक वादग्रस्त झाले. त्यात येथे शिरत नाही. एवढे पाहणे पुरे की, स्वतःच्या लग्नाविषयी धर्माचा आधार घेणाऱ्यालाही जेथे राज्याने थांबविले, तेथे दुसऱ्याच्या लग्नाविषयी धर्माचा आधार घेणाऱ्याचे म्हणणे त्याहून कठोरपणे तपासले जावयास हवे होते. २०२३ मध्ये जमियत उलमा-ए-हिंदसारख्या धार्मिक संस्था हस्तक्षेपक म्हणून न्यायालयापुढे उभ्या राहिल्या. विवाह ही स्त्री आणि पुरुष यांच्यातीलच संस्था होय, असे त्यांचे म्हणणे होते. ते मत बाळगण्याचा, शिकवण्याचा आणि आपल्या प्रार्थनास्थळात त्याप्रमाणे वागण्याचा त्यांचा अधिकार निर्विवाद आहे. पण प्रस्तुत याचिकांत त्यांच्याकडून लग्न लावून मागितलेलेच नव्हते. सुनावणीच्या आरंभीच, म्हणजे एप्रिल २०२३ मध्ये, न्यायालयाने व्यक्तिगत कायद्यांना हात घालणार नाही असे स्पष्ट केले आणि वाद १९५४ च्या विशेष विवाह अधिनियमापुरता सीमित केला.

आता गोंधळ कोठे झाला ते पाहू. आपल्या विवाहकायद्यांत 'सॉलेम्नाइझ' असे एक क्रियापद आहे. मराठीत त्याचा अर्थ 'विधिपूर्वक लावणे' असाच करावा लागतो. १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमात ते आहे आणि विशेष विवाह अधिनियमातही आहे. पण दोन्हीकडे त्याचा आशय एक नाही. हिंदू विवाह अधिनियमाच्या सातव्या कलमानुसार विवाह दोहोंपैकी एका पक्षाच्या रूढ विधींनी लावावयाचा असतो. सप्तपदी त्या विधींचा भाग असल्यास सातवे पाऊल पडताच तो पूर्ण होतो. भाऊराव शंकर लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९६५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या क्रियापदाचा कीस काढला. त्या दुसऱ्या लग्नात माळा घातल्या गेल्या होत्या, कपाळाला कपाळ लावले गेले होते. यालाच गांधर्व विवाह म्हणतात, असे सांगण्यात आले. पण होम नव्हता, सप्तपदी नव्हती. न्यायालय म्हणाले, विधी पुरे झाले नाहीत, म्हणून लग्न 'लागले' नाही. आणि लग्न लागले नाही, म्हणून द्विभार्येचा गुन्हाही घडला नाही. विधीवाचून केवळ नोंदणी करून हिंदू विवाह सिद्ध होत नाही, याचा पुनरुच्चार २०२४ मध्येही झाला. म्हणजे हिंदू विवाह अधिनियमात करणे आणि नोंदवणे या दोन्ही क्रिया लावण्याच्या आश्रयाने उभ्या आहेत. महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाहनोंदणी कायद्याखालील ज्ञापनावर लग्न लावणाऱ्या पुरोहिताची सही घेतात, ती याच दृष्टीने.

विशेष विवाह अधिनियमाची गोष्ट निराळी आहे. त्याच्या बाराव्या कलमात म्हटले आहे की, पक्षांना रुचेल त्या रीतीने विवाह करता येईल; मात्र विवाह-अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्यासमोर, दोघांनाही समजणाऱ्या कोणत्याही भाषेत, प्रत्येकाने दुसऱ्याला 'मी तुला माझी कायदेशीर पत्नी (किंवा माझा कायदेशीर पती) म्हणून स्वीकारतो' या आशयाचे वाक्य उच्चारल्यावाचून तो पूर्ण होणार नाही. येथे होम नाही, पाऊल नाही, अक्षता नाहीत. उच्चार हीच कृती आहे. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेल्या व्याख्यानांत, जी पुढे १९६२ साली पुस्तकरूपाने आली, ज्या वाक्यांना क्रियासाधक वाक्ये म्हटले, त्यांचे याहून शुद्ध उदाहरण कायद्याच्या ग्रंथात क्वचितच सापडेल. अशा वाक्याला खरे किंवा खोटे म्हणता येत नाही. ते साधते किंवा फसते. आणि ते साधण्यासाठी तिसऱ्या कोणाची गरज नाही. अधिकारी ऐकतो, नोंदतो, लावीत नाही. फुल्यांनी वधूवरांच्या मुखी मराठी शब्द घातले, त्यानंतर सुमारे ऐंशी वर्षांनी संसदेने तीच गोष्ट कलमबद्ध केली असे म्हटले, तर ते फारसे अतिशयोक्त होणार नाही.

या कायद्याचा पूर्वज १८७२ चा. ब्राह्मो समाजाच्या चळवळीतून तो निघाला, आणि त्याखाली लग्न करणाऱ्याला आपण ख्रिस्ती, यहुदी, हिंदू, मुसलमान, पारशी, बौद्ध, शीख वा जैन यांपैकी कोणताही धर्म मानीत नाही, असे जाहीर करावे लागे. आपल्या मनाचे लग्न हवे तर आधी धर्म सोडा, असा तो सौदा होता. १९२३ च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांची त्यातून सुटका झाली, आणि १९५४ च्या कायद्याने ती अट सर्वांसाठीच काढून टाकली. तात्पर्य, विशेष विवाह अधिनियमाचा इतिहास हाच मुळी धर्मस्वातंत्र्याचा इतिहास आहे; लावणाऱ्याच्या हातून करणाऱ्याच्या हाती लग्न आणण्याचा. त्या कायद्याविरुद्ध धर्मस्वातंत्र्याचे नाव पुढे यावे, हा योगायोग चमत्कारिक म्हटला पाहिजे.

वाद ज्या शब्दावर अडला तो चौथ्या कलमात आहे. आरंभी म्हटले आहे की, 'कोणत्याही दोन व्यक्तींचा' विवाह या अधिनियमाखाली होऊ शकेल. लगेच पुढच्या पोटकलमात पुरुषाचे वय एकवीस व स्त्रीचे अठरा पूर्ण असावे, अशी अट येते. याचिकाकर्त्यांनी पहिल्या शब्दावर भर दिला, सरकारने दुसऱ्यावर. मराठी वाचकाला येथे एक गंमत दिसेल : आपल्या भाषेत 'व्यक्ती' हे नाम स्त्रीलिंगी आहे, मग ती व्यक्ती मिशाळ पहिलवान का असेना. व्याकरणातील लिंग आणि शरीराचे लिंग या दोन गोष्टी मराठी मुलाला शाळेतच निराळ्या शिकवल्या जातात. 'समलिंगी' या शब्दाने मात्र पुन्हा त्या एकाच पिशवीत भरल्या आहेत. याउलट बाराव्या कलमातले वाक्य मराठीत उच्चारायचे म्हटले की बोलणाऱ्याचे लिंग लपत नाही. 'स्वीकारतो' की 'स्वीकारते', हे सांगावेच लागते. इंग्रजी क्रियापद ते सांगत नाही. म्हणून इंग्रजीत जो भेद केवळ 'पती' आणि 'पत्नी' या नामांवर उभा आहे, तो मराठीत क्रियापदापर्यंत पोचलेला आहे. त्याने अर्थ अडतो असे नाही. 'मी तुला माझी पत्नी म्हणून स्वीकारते' हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. ते फसते ते कायद्यात.

याचिकाकर्त्यांच्या वाचनातही दोष होता, आणि तो मान्य केला पाहिजे. अधिनियमातील 'पती' व 'पत्नी' या शब्दांच्या जागी सर्वत्र 'जोडीदार' असा लिंगनिरपेक्ष शब्द वाचावा, अशी त्यांची मागणी होती. परंतु त्या कायद्यात पोटगीची कलमे पत्नीच्या हिताची आहेत, घटस्फोटाची काही कारणे केवळ पत्नीलाच उपलब्ध आहेत. ती विषमता जाणूनबुजून ठेवलेली आहे, कारण समाजातील विषमता उलट दिशेची आहे. शब्द सरसकट बदलला तर समलिंगी जोडप्यांना दार उघडताना विवाहित स्त्रियांची ढाल काढून घेतली जाईल, ही न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या मतपत्रातील शंका वाजवी आहे. शिवाय उत्तराधिकाराच्या बाबतीत हा अधिनियम, विशेषतः त्याचे २१अ हे कलम, व्यक्तिगत कायद्यांशी शिवलेला आहे. एक टाका उसवला की दुसरे उसवतात. असे काम संसदेचे आहे, कोशकाराचे नाही आणि कदाचित न्यायालयाचेही नाही.

परंतु बहुमताचा दुसरा एक आधार आम्हांस पटत नाही. विवाह या शब्दाचा अर्थ कायदेकर्त्यांनी १९५४ साली जो मनात धरला होता, तोच प्रमाण धरावा, असा त्याचा रोख आहे. तसे असेल तर 'वधू' या शब्दाचे काय? मद्रास उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये निर्णय दिला की, हिंदू विवाह अधिनियमातील 'वधू' या शब्दाचा अर्थ गोठलेला नाही. पारलिंगी स्त्रीही वधू होय, आणि तिच्या विवाहाची नोंदणी नाकारता येणार नाही. १९५५ सालच्या कायदेकर्त्यांच्या मनात ही वधू होती असे कोणी म्हणणार नाही. तरीही २०२३ च्या घटनापीठाने, स्त्री आणि पुरुष अशा नात्यातील पारलिंगी व्यक्तींना प्रचलित कायद्यांखाली विवाह करता येतो, हे मान्यच केले. तेव्हा शब्दाचा अर्थ सरकतो, हे पीठाला ठाऊक होते. तो कोठवर सरकू द्यावयाचा, एवढाच प्रश्न होता. आणि त्याचे उत्तर शब्दार्थातून निघत नाही. निघाल्याचा आविर्भाव मात्र केला गेला.

दोन न्यायाधीशांच्या अल्पमताकडेही याच दृष्टीने पाहावे. सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्यायमूर्ती कौल यांचे म्हणणे असे की, विवाह नसला तरी अशा सहजीवनास 'युनियन' म्हणून मान्यता देऊन त्यातून निपजणारे लाभ राज्याने द्यावेत. मराठी वाचकाला ही कल्पना नवी वाटावयास नको. आपल्याकडे लग्न आणि पाट असे दोन शब्द शतकानुशतके शेजारी नांदले. अनेक जातींत विधवेचे किंवा टाकलेल्या स्त्रीचे दुसरे लग्न हे लग्न नव्हे, तो पाट. काही ठिकाणी मोहतूर. तो बहुधा रात्री लागे, सुवासिनी दूर राहत. आर्थर स्टील याने १८२७ साली दख्खनच्या जातींच्या रूढींचे जे संकलन केले, त्यात पाटाची नोंद आहे. पाटाची संतती औरस समजत, तिला वारसा मिळे. म्हणजे नोंदवणे होते, पण लावण्याचा मान नव्हता. अल्पमताने समलिंगी जोडप्यांना जे देऊ केले, ते या अर्थाने पाट होते. आणि बहुमताने तेही दिले नाही. असे दुय्यम नाव पत्करावे काय, हा प्रश्न ज्यांचा आहे त्यांनीच सोडवावा. इतकेच नोंदवितो की, आमच्या भागातील पत्रिकांत आज पाट हा शब्द छापलेला आढळत नाही. विधवेच्या पुनर्विवाहाच्या पत्रिकेवरही 'शुभविवाह' असेच असते. शब्द कोणी कायद्याने काढला नाही. तो लोकांच्या तोंडून गळाला.

धर्मस्वातंत्र्याची खरी कसोटी जेथे लागते, त्या 'लावणे' या क्रियेविषयी इतर देशांचे अनुभव पाहावेत. इंग्लंड व वेल्समध्ये २०१३ च्या कायद्याने समलिंगी विवाह मान्य झाला, तेव्हा कोणत्याही धर्मसंस्थेवर तो लावण्याची सक्ती नाही, असे स्पष्ट लिहिले गेले. चर्च ऑफ इंग्लंडला तर त्यातून पूर्णपणे वेगळे ठेवले. अमेरिकेत २०१५ नंतर वाद पुढच्या पायरीवर गेला : लग्नाचा केक करण्यास नकार देणाऱ्या कोलोरॅडोतील बेकरीवाल्याचे प्रकरण २०१८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयात आले. आपल्याकडे उद्या मंडपवाला, आचारी, बँडवाला यांच्याविषयी असे प्रश्न उठू शकतील. पण ते प्रश्न व्यवसायाचे आहेत, विवाहाच्या व्याख्येचे नव्हेत. आपल्या शेजारच्या गोव्यात, पोर्तुगीज काळापासून, दिवाणी नोंदणीकचेरीतील घोषणा आणि चर्चमधील विधी या दोन पायऱ्या निराळ्या आहेत. त्यामुळे गोव्यातील कॅथलिकांच्या धर्माला बाध आला असे कोणी म्हणत नाही.

आणि एक गोष्ट वादात जवळजवळ कोणी बोललेच नाही. भारतात समलिंगी जोडप्याला आज लावण्याची क्रिया उपलब्ध आहे. डिसेंबर २०१७ मध्ये, कलम ३७७ अंशतः मोडीत निघण्याच्या आठ-नऊ महिने आधी, यवतमाळात अमेरिकास्थित एका मराठी तरुणाने आपल्या परदेशी जोडीदारासह समारंभपूर्वक विवाहविधी केल्याचे वृत्त महाराष्ट्राने वाचले. अशा विधीला कायद्याची मनाई नव्हती व नाही. म्हणजे धर्माच्या प्रांतात हे जोडपे मोकळे आहे. पुरोहित मिळाला तर लग्न लागते. अडते ते नोंदीशी, जेथे धर्माचा संबंधच उरत नाही. स्थिती नेमकी उफराटी आहे : धर्मविधीला अटकाव नाही, आणि धर्मनिरपेक्ष नोंदवहीला मात्र धर्माच्या नावाने अटकाव मागितला जातो.

त्या नोंदीवाचून काय अडते, हे पाहिले म्हणजे वाद शब्दांचा राहत नाही. प्राप्तिकराच्या कायद्यात नातेवाइकाकडून आलेली भेट करमुक्त असते, परक्याकडून वर्षाला पन्नास हजारांवर आलेली भेट उत्पन्नात धरली जाते. वैवाहिक जोडीदार नातेवाईक ठरतो, पंचवीस वर्षे एका घरात राहिलेला सोबती ठरत नाही. यावरील याचिका २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे आली. २०२४ मध्ये केंद्र सरकारने समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँकखाते उघडण्यास व नामनिर्देशन करण्यास आडकाठी नसल्याचे स्पष्ट केले, शिधापत्रिकेसाठी एकाच कुटुंबातील म्हणून धरण्याविषयीही राज्यांना कळविले. शिधापत्रिकेवर 'कुटुंब' आणि विवाहाच्या नोंदवहीत कोणीच नाही : एका कचेरीच्या भाषेत जे नाते आहे, ते दुसऱ्या कचेरीच्या भाषेत नाही.

गेल्या हिवाळ्यात आमच्या पदव्युत्तर वर्गात लग्नपत्रिकांच्या भाषेवर चर्चा चालू होती. नमुने विद्यार्थ्यांनीच गोळा करून आणले होते. 'श्री कुलस्वामिनी कृपेकरून', 'शरीरसंबंध करण्याचे योजिले आहे', असे ठरीव वाक्यांश फळ्यावर लिहून झाले. तास संपताना एका विद्यार्थिनीने विचारले, दोन मुलींची पत्रिका असेल तर 'चि. सौ. कां.' कोणाच्या नावामागे लावायचे? वर्गात थोडे हसू पिकले. तिच्या चेहऱ्यावर ते नव्हते. उत्तर द्यायला आम्हांला थोडा वेळ लागला. 'चि.' ही अडचण नाही, ते वरालाही लागते आणि वधूलाही. 'कां.' म्हणजे आकांक्षा धरणारी, त्यातही काही अडचण नाही. प्रश्न 'सौ.' चा, कारण सौभाग्य या शब्दाचा रूढ अर्थ पती जिवंत असणे असा आहे. पण तोही मूळ अर्थ नव्हे, सुभगत्व हा मूळ अर्थ, आणि व्युत्पत्तीवर विसंबू नये हे त्याच तासाला आम्ही सांगून बसलो होतो. म्हणून एवढेच म्हणालो की, दोघींच्याही मागे लावावे. छापखान्यात खिळे दोनदा जुळवायला हरकत नाही. खिळे आता कोणी जुळवीत नाही, हे तिने हसून सांगितले, वही मिटली आणि ती बसस्थानकाकडे गेली.